दोन्ही कुशी

माझा धंदा पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटरचा.
पंचवटीत, मागे निळा पडदा, पुढे गोल स्टूल.
हनुवटी जरा खाली. कान दिसू द्या. हसू नका.
एवढ्यावर बावीस वर्षं निघाली.

मग वनखात्याच्या वाघेरे मॅडम आल्या
(आडनावावरचा विनोद त्या स्वतःच आधी उरकतात).
म्हसरूळच्या केंद्रात तीन बिबटे आहेत म्हणाल्या,
प्रत्येकाची डावी कूस हवी, उजवी कूस हवी.
ठिपके कुणाचेच कुणासारखे नसतात,
सोडल्यावर पुन्हा कुठे दिसला तर ओळखता यावा.
म्हणजे पासपोर्टच की, मी म्हणालो.
हो, पण फ्लॅश नाही.

पहिल्या दिवशी घरचीच लेन्स नेली,
लग्नं टिपून टिपून गळ्यात सैल झालेली.
कॅमेरा हुशार, गुरगुरत पुढेमागे शोधतो
आणि सगळ्यात जवळ जे असेल त्यालाच धरतो.
बेचाळीस फोटो. बेचाळीसांत जाळी.
गंज, वेल्डिंगचा गोळा, चौकोनात अडकलेलं कोंबडीचं पीस,
आणि मागे कुठेतरी
हळद सांडल्यासारखं काहीतरी.

महात्मा गांधी रोडला हकीमुद्दीनभाईंनी
लाल कापडावर तीन काचा मांडल्या, सोनार मांडतो तशा.
ही तीनशेची, लांबचं ओढेल, पण तुमच्या शेडमध्ये आंधळी होईल.
ही झूम, दिवसाचे आठशे, वर मनगटाचा खर्च वेगळा.
तिसरी उचलताना त्यांचा हात सावकाश झाला:
एकशे पस्तीस, वडिलांच्या वेळची,
फोकस बोटांनी फिरवायचा.
जनावर थांबलं नाही तर?
तुम्ही थांबा, ते म्हणाले.

मग दुकानाच्या सरकत्या जाळीला काच जवळजवळ टेकवून
छिद्र पूर्ण उघडलं आणि कॅमेरा माझ्या हाती दिला.
रस्त्यापलीकडचा चष्मेवाला, त्याच्या कानामागचा पेनसुद्धा.
जाळी नव्हती.
डोळा काढला, होती.
तिला घालवायचं तर तिच्याच जवळ जायचं,
आणि जनावर मात्र तिच्यापासून लांब हवं.
ते चिकटून बसलं, तर कुठलीच काच कामाची नाही.

निफाड नेमका चिकटून बसला.
(नंबर कागदावर असतात. सुकदेव गांगुर्डे
जो जिथे सापडला त्या गावाच्या नावानं हाक मारतो.)
नऊ ते साडेअकरा.
हनुवटी खाली, मी मनात म्हणत राहिलो सवयीनं,
आणि वासाची सवय होते का ते पाहत राहिलो.
होत नाही.
शेवटी सुकदेवनं मागच्या बाजूला बादली वाजवली.
निफाड उठला, पार भिंतीपर्यंत गेला, वळला.
मी बोट अर्ध्या केसाएवढं फिरवलं
आणि एकेक ठिपका आपापल्या जागी येऊन उभा राहिला.

वाघेरे मॅडम खूश झाल्या.
चामरलेणीच्या उतारावर पहुडल्यासारखा वाटतो म्हणाल्या.
वाटत होता खरा.
गिऱ्हाइकाच्या मुरुमपुटकुळ्या मी फुकट पुसून देतो.
याच्या नाकाचं सालटं निघालं होतं,
पकडपिंजऱ्याच्या गजांवर घासून घासून.
माउस तिथपर्यंत नेला,
आणि तसाच राहू दिला.

सुकदेवला विचारलं, तुला कुठला देऊ?
त्यानं सगळे पाहिले, मागे मागे जात पहिल्या दिवसापर्यंत,
आणि सतराव्यावर बोट ठेवलं.
अरे, यात तर नुसती जाळी आहे.
मला तो रोज असाच दिसतो, तो म्हणाला.
शिवाय हे वेल्डिंग माझं आहे.

आठ बाय दहा काढून दिला.
पैसे घेतले नाहीत, असं सांगायला बरं वाटलं असतं.
लॅमिनेशनचे घेतले.